बेगमी विजेची, की विजेवाचूनची?

मे महिना संपत आला की जळगाव जिल्ह्यातल्या फैजपुरात एखादी संध्याकाळ अशी येते. दिवसभर ४४-४५ अंशांत भाजून निघालेलं गाव ओट्यावर येऊन बसलेलं असतं आणि सातपुड्याकडून आभाळ मातकट व्हायला लागतं. आधी धूळ येते, तिच्यामागून वारा. गच्चीवर वाळत घातलेले बिबडे गोळा करायला बायका धावतात, पत्रे खडखडतात आणि घरातला पंखा दोन गिरक्या घेऊन थांबतो. "लाइट कधी येईन भो?" हा प्रश्न पाच मिनिटांत गल्लीत फिरायला लागतो. उत्तर कुणाकडेच नसतं. तासाभरानं बातम्या येऊ लागतात. न्हावीच्या रस्त्यावर खांब आडवा झालाय, पिंपरूडकडे तारेवर झाड पडलंय, चिनावलच्या शिवारात केळी झोपली. रात्री घराघरांतल्या इन्व्हर्टरची टीटी सुरू होते, पहाटे तीही थांबते. सकाळी नळ सोडला की कळतं, गच्चीवरची टाकी रिकामी आहे. बोअरची मोटर विजेवर चालते आणि वीज रात्रीपासून नाही.

त्या क्षणी घरातल्या माणसाला एक गोष्ट उमगते. अंधाराशी आपलं फारसं भांडण नव्हतं, अडलंय ते पाण्यापाशी. आणीबाणीच्या वीजसोयीचा विचार बहुतेक घरांत 'इन्व्हर्टर कोणता घ्यावा' इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. खरं तर प्रश्न 'वीज नसताना काय काय अडेल' हा आहे. त्याचं उत्तर नीट काढलं, तर बऱ्याच ठिकाणी वीज साठवण्यापेक्षा विजेनं जे मिळतं तेच साठवणं स्वस्त आणि भरवशाचं ठरतं. आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे: बेगमी. पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या घरांना हे शहाणपण नवं नाही. विजेच्या बाबतीत ते वापरायचं मात्र राहून गेलं.

वीज जाण्याच्या तऱ्हा

वीज एकाच कारणानं जात नाही, म्हणून तयारीही एकाच मापाची चालत नाही. सगळ्यांत नेहमीची तऱ्हा म्हणजे फ्यूज उडाला, डिओ पडला, जंपर तुटला. लाइनमन खांबावर चढला की अर्ध्या-दोन तासांत काम होतं. दुसरी तऱ्हा ठरलेल्या बंदची: देखभालीचा दिवस, किंवा शेतीच्या फीडरचं आठवड्यागणिक बदलणारं दिवस-रात्रीचं वेळापत्रक. यात त्रास आहे, पण आधी माहीत असल्यामुळे धक्का नाही.

तिसरी तऱ्हा शेतकऱ्याला सगळ्यांत जास्त छळते, ती म्हणजे डीपी जळणं. ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर ४८ तासांत बदलून मिळावा असं वीज नियामक आयोगाचं मानक आहे. हे दोन दिवस मे महिन्यातल्या केळीला फार मोठे असतात. डीपी जळण्यात थोडा हात आपलाही असतो. मोटरला 'ऑटो' लावून माणूस घरी झोपतो. वीज आली की शिवारातल्या साऱ्या मोटरी एका क्षणी उचल घेतात. चालू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि तो भार एकाच डीपीवर येतो. कपॅसिटर लावा, ऑटोस्विच काढा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय. शेजाऱ्यानं काढल्याशिवाय मी का काढू, इथे गाडं अडतं.

चौथी तऱ्हा वादळाची आणि पुराची. खांबच पडले तर दुरुस्ती तासांत मोजता येत नाही. पाचवी तऱ्हा दुर्मीळ, पण सगळ्यांना एकदम गाठणारी: ग्रिडच कोसळणं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताचं ग्रिड लागोपाठ दोनदा पडलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य ग्रिडही त्याच्याबरोबर गेलं. ज्या भागातली वीज गेली तिथे ६० कोटींहून जास्त लोक राहत होते. महाराष्ट्र ज्या पश्चिम ग्रिडमध्ये आहे ते त्या वेळी टिकलं, म्हणून आपल्याकडे ती बातमी फक्त वाचली गेली.

दिव्याखालचा अंधार

खानदेशाला भारनियमन शिकवावं लागत नाही. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण या कंपन्या झाल्या. राज्यात मागणी आणि पुरवठा यांतली दरी सगळ्यांत जास्त भोवली, ती याच काळात. खेड्यांत निम्मा दिवस वीज नसणं नेहमीचं झालं होतं. भुसावळजवळच्या दीपनगरच्या धुराड्यांतून धूर निघतोय आणि आसपासच्या तालुक्यांत कंदील पेटलेत, हा विरोधाभास इथल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलाय.

त्या दिवसांतल्या दोन उपायांची आज आठवण ठेवावी. एक म्हणजे गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी करणं. दुसरा 'अक्षय प्रकाश'. संध्याकाळच्या ताणाच्या वेळी गावानं पंप आणि गिरण्या आपणहून बंद ठेवायच्या, बदल्यात घरांत उजेड राहायचा. ज्या गावांनी हा शब्द पाळला तिथे दिवा जळला. एखाद्यानं चोरून मोटर लावली की सगळ्यांचाच गेला. वीज ही सामायिक वस्तू आहे हे त्या योजनेनं जितकं शिकवलं तितकं पुढं कशानंच शिकवलं नाही. मग टंचाई ओसरली, घरोघर इन्व्हर्टर आले आणि प्रत्येक जण आपापल्या बॅटरीपुरता स्वयंपूर्ण झाला.

बाकीच्या महाराष्ट्राचे धडे

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि अख्खी मुंबई थांबली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, करोनाकाळातली रुग्णालयं जनरेटरवर गेली. वीज कधी जातच नाही अशी ज्या शहराची ख्याती, तिथे घराघरांत मेणबत्तीही सापडेना. खानदेशी माणसाला त्या दिवशी थोडं हसू आलं असेल, तर ते माफ करावं.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. कितीतरी गावांत वीज परत यायला आठवडे लागले. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या आधीच संपल्या होत्या, म्हणून मदत मागायचीही सोय उरली नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडची उपकेंद्रं पाण्याखाली गेली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा एका करोना रुग्णालयात पाणी शिरलं, वीजपुरवठा तुटला आणि कृत्रिम श्वासावर असलेले रुग्ण दगावले.

या घटना एकत्र ठेवल्या की तयारीची काही सूत्रं आपोआप दिसतात. जनरेटर आहे एवढ्यानं भागत नाही, तो पुराच्या रेषेच्या वर आहे का हे पाहावं लागतं. मोबाइल हा विजेचाच नातेवाईक आहे, ती गेली की काही तासांत तोही जातो. आणि जिथे वीज क्वचित जाते, तिथेच ती गेली की हाल जास्त होतात.

परदेशातही हीच कथा आहे. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही देश भरदुपारी अंधारले. कार्डानं व्यवहार करणाऱ्या लोकांना खिशातली रोकड आणि सेलवर चालणारा रेडिओ यांची किंमत एका दुपारीत कळली. त्याच्या महिनाभर आधीच युरोपीय संघानं प्रत्येक घरानं ७२ तास स्वतःच्या बळावर निभावता येईल इतकी तयारी ठेवावी असं सुचवलं होतं. ७ मे २०२५ ला आपल्याकडे देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्या यादीत भुसावळचंही नाव होतं, म्हणजे हा विषय आता आपल्या अंगणापर्यंत आलाय. आपल्याकडच्या डीपीचे ४८ तास आणि युरोपचे ७२ तास जवळपासच येतात. तीन दिवस हे माप धरून चालायला हरकत नाही.

इन्व्हर्टरचा हिशोब

दुकानात १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी दाखवतात. १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पावणेदोन युनिटांहून थोडी जास्त वीज. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी खातो, म्हणून हाती ११०० वॅट-तासांच्या आसपास उरते. दोन साधे पंखे १५० वॅट, चार एलईडी दिवे ३६ वॅट, राउटर १० वॅट धरले, तर ही बॅटरी नवी असताना पाच तासांच्या पुढेमागे चालेल. तेच दोन पंखे ३० वॅटच्या बीएलडीसी मोटरचे घेतले, तर तीच बॅटरी दहा तासांपर्यंत जाते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत, हा सल्ला दुकानदार सहसा देत नाही.

आता हीच बॅटरी जवळून पाहू. बहुतेक घरांत ती जिन्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून बंद कोनाड्यात असते. मे महिन्यात त्या कोनाड्यात हात घातला तर चटका बसतो. शिशाच्या बॅटरीचा ढोबळ नियम असा की, तापमान दर १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. जाहिरातीतली पाच वर्षं २५ अंशांच्या हिशोबाची असतात, जळगाव जिल्ह्याच्या उन्हाळ्याची नव्हेत. झाकणांवरचे तरंगते दांडे खाली गेलेले असतात, म्हणजे पाणी आटलंय. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. नळाचं पाणी घातलं तर क्षारांनी प्लेटा मरतात, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते चहाच्या भांड्याला विचारा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला असतो, तो गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावायची. एवढं दोन महिन्यांतून एकदा केलं आणि बॅटरी हवेशीर, सावलीच्या जागी हलवली, तर तिची एक-दोन वर्षं नक्की वाढतात.

आणखी एक अडचण हिशोबात धरलेली नसते. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. वीज चार तास आली आणि पुन्हा गेली, तर दुसऱ्या रात्री बॅटरी अर्धवटच असते. इन्व्हर्टर एका रात्रीचा सोबती आहे. तीन दिवसांचा भार त्याच्यावर टाकू नये. लिथियमच्या बॅटऱ्या लवकर भरतात आणि जास्त वर्षं टिकतात, पण महाग आहेत. उष्णतेपासून त्यांनाही जपावं लागतं.

जनरेटर आणि सौर: दोन गैरसमज

घरगुती पेट्रोल जनरेटर तासाला एक लिटरच्या आसपास पेट्रोल खातो. तीन दिवस चालवायचा म्हटला तर पेट्रोल साठवावं लागेल. ते घरात साठवणं धोक्याचं आणि न साठवणं अडचणीचं, कारण पंपावरचं यंत्रही विजेवरच चालतं. त्याहून मोठा धोका धुराचा. बंद खोलीत, पडवीत किंवा जिन्याखाली जनरेटर लावला, तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता झोपेतच माणूस मारतो. तिसरी चूक म्हणजे चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटरची वायर थेट घरच्या बोर्डात खुपसणं. ती वीज उलटी जाऊन ट्रान्सफॉर्मरमधून तारांवर चढते आणि 'लाइन बंद आहे' या भरवशावर खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. चेंजओव्हर पाचशे-हजारांत येतो. त्याच्याशिवाय जनरेटर घेऊच नये.

सौर पॅनलचा गैरसमज याहून सर्वदूर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं, म्हणून छपरोछपरी पॅनल दिसू लागलेत. बिल शून्यावर येतं, ते खरंच आहे. पण वीज गेली की लख्ख उन्हातही ते घर शेजारच्या घराइतकंच बंद पडतं. नेट मीटरिंगची यंत्रणा ग्रिडवर वीज आहे हे पाहूनच चालते. ग्रिड मेलं की तिनं स्वतःला बंद करून घेणं बंधनकारक असतं, पुन्हा त्याच खांबावरच्या माणसासाठी. आणीबाणीत उजेड हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान मोजलं जातं ते पॅनलच्या किलोवॅटवर, बॅटरीवर नाही. म्हणून पॅनल बसवतानाच 'ग्रिड गेल्यावर यातलं काय चालेल?' हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

टाकी हीच बॅटरी

आता मूळ मुद्दा. इथले यावल आणि रावेर हे तालुके भूजल उपशात फार पुढे गेलेले आहेत. विहिरी खोल गेल्या, मग बोअर, मग आणखी खोल बोअर. पाचच अश्वशक्तीची मोटर धरली तरी ती ३.७ किलोवॅट ओढते आणि उचल घेताना त्याच्या कित्येक पट. घरचा इन्व्हर्टर तिच्यापुढे उभाच राहू शकत नाही. इथे वीज साठवण्याचा विचार सोडून द्यावा आणि पाणी साठवावं.

हजार लिटर पाणी गच्चीवर चढवायला एक अश्वशक्तीची मोटर साधारण अर्धा तास चालते, म्हणजे फार तर अर्धा युनिट वीज. ती एकदा खर्च झाली की पाणी उताराच्या बळावर नळाला येतं. मध्ये इन्व्हर्टर नाही, बॅटरी नाही, दर चार वर्षांनी बदलायचं काही नाही. एक चांगली बॅटरी जितक्याला येते त्याच्या साधारण निम्म्या किमतीत जादाची हजार लिटरची टाकी येते.

किती पुरेल? मदतकार्यात माणशी रोजचं १५ लिटर हे किमान माप जगभर धरतात, पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता मिळून. पाच माणसांना दिवसाला ७५ लिटर. म्हणजे हजार लिटर तेरा दिवस पुरतं. नेहमीच्या हातानं वापरलं तर तीच टाकी दोन दिवसांत संपते. फरक टाकीच्या मापात नसून नळ कधी आवळायचा हे कळण्यात आहे. वारा सुटला आणि वीज गेली की पहिलं काम एक: घरात दोन बादल्या, एक पिंप आणि माठ भरून घेऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. साठलेलं पाणी पिण्याआधी मेडिक्लोरचे थेंब किंवा उकळी. पुरानंतर गावाच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतंय की नाही, ते ग्रामपंचायतीच्या मागे लागून पाहावं.

शेतात हेच गणित मोठं होतं. एकरात दीड हजार केळीची झाडं धरा. मे महिन्यात झाडाला रोज वीस लिटरांच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे एकराला दिवसाला ३०,००० लिटर. डीपी दोन दिवस जळालेली राहिली की ६०,००० लिटर मागे पडलं, आणि घड निसवत असलेली केळी ते विसरत नाही. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात सुमारे २० लाख लिटर मावतं. पाच एकरांना ते बारा-तेरा दिवसांचं होतं, त्यातलं थोडं उन्हानं उडालं तरी आठवडा निघतो. शिवाय तळ्यातून पाणी उचलायला बोअरइतका दम लागत नाही. जुनं ऑइल इंजिन किंवा ट्रॅक्टरला जोडलेला पंप ठिबकला पाणी देऊ शकतो. ज्या शेतकऱ्यांनी विहिरीवरचं इंजिन भंगारात घातलं नाही त्यांना लोक हसले असतील. डीपी जळते तेव्हा त्याच इंजिनाची ठकठक शिवारभर ऐकू येते. सरकारी योजनेतले सौर पंप ७.५ अश्वशक्तीपर्यंत मिळतात. खोल बोअरला ते अनेक ठिकाणी अपुरे पडतात, पण शेततळ्यावर छान चालतात.

थंडी साठवा, प्राणवायू साठवा

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर असतो. त्याच्या भिंतींत बर्फाचा थर असतो. चोवीस तासांत आठच तास वीज मिळाली तरी आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहावं, अशी त्याची घडण आहे. वीज अनियमित आहे हे गृहीत धरून कुणीतरी विचार केला आणि बॅटरीऐवजी थंडीच साठवली. घरच्या फ्रीजलाही ही युक्ती लावता येते. वरच्या कप्प्यातली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून गोठवून ठेवायची. वीज गेली की दार उघडायचं नाही. न उघडलेला फ्रीज चार तास तग धरतो, आणि आपल्या उन्हाळ्यात त्या बाटल्या हे तास वाढवतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न जिवाशी असतो. वापरात काढलेली कुपी साधारण महिनाभर ३० अंशांखाली बाहेर चालते, पण इथे खोलीतच ३८-४० असतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं, त्यात कोरडं भांडं आणि त्यात कुपी, ही सोय कोकणच्या दमट हवेत फारशी चालत नाही. खानदेशच्या कोरड्या झळीत मात्र पाणी भराभर उडतं आणि मडकं चांगलंच गार राहतं. आपल्या औषधाला ते चालेल का, हे डॉक्टरांना उन्हाळ्याआधीच विचारून ठेवावं.

घरी प्राणवायूवर असलेला रुग्ण असेल तर हिशोब आणखी स्पष्ट होतो. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढतं, म्हणजे मघाची १५० एएचची बॅटरी जेमतेम तीन तास. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दोन लिटरनं तो बारा तास जातो, त्याला वीज लागतच नाही. इथेही वीज साठवण्यापेक्षा प्राणवायूच साठवलेला बरा. नियमित गोळ्या पंधरा दिवसांच्या आगाऊ असाव्यात, त्यांची नावं कागदावर लिहिलेली असावीत, आणि ओआरएसची पाकिटं असावीत.

खाण्याच्या बाबतीत खानदेशाला कुणी शिकवायची गरज नाही. चैत्र-वैशाखात गच्च्यांवर बिबडे, कुरडया, शेवया, वड्या वाळतात, कोठीत ज्वारी, गहू, डाळी भरलेल्या असतात. नवी पिढी इंडक्शनवर आणि दर आठवड्याच्या किराण्यावर आली, तिथे ही बेगमी तुटली. एक भरलेला जादाचा गॅस सिलिंडर, दळून ठेवलेलं आठवड्याचं पीठ, शेंगदाणे, गूळ, पोहे एवढं असलं की तीन दिवस निघतात. पीठ मुद्दाम म्हटलं, कारण कोठीभर ज्वारी असून गिरणी बंद असली की काय होतं ते भारनियमनात आपण अनुभवलंय.

बातमी आणि सुट्टे पैसे

वादळात अफवा विजेपेक्षा जोरात धावतात. हतनूरचे किती दरवाजे उघडले हे व्हॉट्सॲपवर तिघांनी तीन आकड्यांत सांगितलेलं असतं. ४१ दरवाज्यांच्या त्या धरणाची बातमी सरकारी यंत्रणेकडून किंवा आकाशवाणीवरून आली तरच धरावी. त्यासाठी सेलवर चालणारा छोटा रेडिओ घरात असावा. सेल त्याच्या पोटात ठेवू नयेत, पाझरून तो बिघडतो. आकाशातल्या विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनमध्ये असावं. पॉवर बँक भरलेली, डोक्याला बांधायचा एक टॉर्च, लहान नोटांत हजार-दोन हजार रुपये आणि कागदावर लिहिलेले क्रमांक: तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, विजेच्या तक्रारीसाठी १९१२. क्रमांक फोनमध्ये असतातच, पण फोन मेल्यावर त्यांचा उपयोग काय?

गावाची बेगमी

घराची तयारी कितीही पक्की झाली तरी काही गोष्टी गल्लीनं किंवा गावानंच करायच्या असतात. नळयोजनेच्या पंपाला पर्यायी वीज आहे का? रुग्णालयाचा जनरेटर महिन्यातून एकदा पूर्ण भारावर चालवून पाहतात का, की फक्त सुरू करून बंद करतात? केळीच्या शीतगृहात १३-१४ अंशांवर ठेवलेला माल जनरेटर बंद पडला तर किती तास तग धरेल, आणि त्याचं डिझेल कुठून येईल? प्राणवायूवर, डायलिसिसवर कोणकोण आहे, याची यादी कुणाकडे आहे? शाळेच्या किंवा मंदिराच्या छपरावर बॅटरीसह छोटा सौर संच बसवला, तर अख्खी गल्ली तिथे फोन भरू शकते. दहा घरांनी दहा जनरेटर घेण्यापेक्षा एका गल्लीनं एक चांगला घ्यावा, त्याचा धूर आणि आवाजही एकाच ठिकाणी राहील.

गावानं मिळून मोठी व्यवस्था उभी करणं फैजपूरला नवं नाही. २७-२८ डिसेंबर १९३६ ला खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन इथे झालं, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. हजारो माणसांची तात्पुरती नगरी उभारायची, तर राहण्याची, जेवणाची, पाण्याची सोय आधी हिशोबात बसवावी लागते. चित्रकार नंदलाल बोसांनी ती नगरी सजवली ती बांबूंनी आणि जवळपास मिळणाऱ्या साध्या साहित्यानं. जे हाताशी आहे त्यातून काम निभावण्याची ही रीत बॅटरीच्या जाहिरातीत सापडत नाही.

हे सारं करायचं कधी, याचं उत्तर इथल्या पंचांगातच आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिल-मेमध्ये येते, वादळांच्या तोंडावर. त्या दिवशी सालदाराचं नवं साल सुरू होतं, माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात आणि पितरांच्या नावानं घागर भरतात. घरात सगळे जण असतात, हातांना थोडी फुरसत असते. घागर भरून झाली की त्याच हातानं बॅटरीचं पाणी पाहावं, जिन्याखालची ती पेटी सावलीत हलवावी, टाकी आतून घासून काढावी, फ्रीजमध्ये बाटल्या ठेवाव्यात, रेडिओला नवे सेल लावून एकदा जळगाव केंद्र लागतं का पाहून घ्यावं. शेतावर जाणाऱ्यानं ऑटोस्विच काढावा आणि शेजाऱ्यालाही काढायला लावावा. मग महिनाभरानं सातपुड्याकडून धूळ उठेल, पंखा थांबेल आणि गल्लीत तोच प्रश्न फिरेल. लाइट केव्हा यायची ती येईल. तोवर टाकीत पाणी असेल, कोठीत पीठ असेल आणि आजोबांचं औषध मडक्यात गार असेल.